धारेवरच्या खाचा

कोणत्याही घराण्याची योग्यता त्याच्या बैठकीच्या भिंतीवर काय टांगलं आहे यावरून ठरते, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. नुसतं घड्याळ टांगणारी घराणी वेळेवर कामाला जातात आणि वेळेवर निवृत्त होतात. त्यांच्याबद्दल जास्त काही लिहिण्यासारखं नसतं. आमच्या थोरल्या काकांच्या भिंतीवर उघडी तलवार आहे, शेजारी तिचं म्यान. (घड्याळही आहे, पण ते तलवारीच्या मागे गेल्यामुळे बंद पडलेलं आहे. चालू करायचं तर तलवार काढावी लागेल, आणि विनाकारण तलवार काढायची नाही असा आमच्या घराण्याचा नियम आहे.)

ही तलवार आमच्या मूळ पुरुषाची. त्यांचं नाव काकांना ठाऊक नाही. स्वभाव मात्र इत्थंभूत ठाऊक आहे. ते एका पुलावर एकटे उभे राहिले, शत्रू येत गेला, ते कापत गेले आणि शेवटी तिथेच पडले, पण पाठ दाखवली नाही. पुरावा म्हणून धारेवर खाचा आहेत. पाहुणा आला की चहा होईपर्यंत काका त्याला एकेक खाच बोटाने दाखवतात: हा घोडेस्वार, हा भालेवाला, हा बिचारा नुसताच मधे आला. कुटुंबाची आकडेवारी अशी आहे: शूर पूर्वज शंभर टक्के, सहा फुटांहून उंच नव्वद टक्के. उरलेल्या दहा टक्क्यांत बायका येतात, पण त्यांचीही उंची चांगली होती म्हणे. आजच्या पिढीत सहा फुटांच्या आसपासही कोणी नाही, याचं कारण हल्लीच्या भाजीत कस राहिलेला नाही.

मूळ पुरुष पुलावरच पडले, तर तलवार घरी कशी आली, असं एका पाहुण्याने एकदा विचारलं होतं. त्याला दुसरा कप मिळाला नाही.

तलवारीचा वारसा थोरल्या मुलाकडे जातो. अट एकच, की त्याने आयुष्यात कधी पाठ दाखवलेली नसावी. काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, इथेच बाद झाला. तरुणपणी तो अग्निशमन दलात भरती झाला होता. प्रशिक्षणात तिसऱ्या मजल्यावरून खाली ताणलेल्या जाळीत उडी घ्यायची होती. तो कठड्यापर्यंत गेला, त्याने जाळीकडे पाहिलं, जाळी धरणाऱ्यांकडे पाहिलं (त्यातला एक शिंकत होता) आणि जिन्याने खाली उतरून घरी आला.

तेव्हापासून काका त्याच्याशी बोलत नाहीत. दोघं एकाच घरात राहतात आणि एकाच टेबलावर जेवतात. बोलणं योग्य मार्गाने, म्हणजे काकूंमार्फत, होतं.

“त्याला सांग, मीठ दे म्हणावं.”

“ऐकलंस का रे, मीठ मागतायत.”

“त्यांना सांग, त्यांच्या कोपराशीच आहे.”

“अहो, कोपराशी आहे म्हणतोय.”

या व्यवस्थेत एकही निरोप आजवर गहाळ झालेला नाही. फक्त काकूंचं ताट रोज गार होतं.

भाऊ आता किल्ल्या बनवण्याचं दुकान चालवतो. दाराबाहेर अडकलेल्या माणसांना आत पोचवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. स्वतःच्या घरात मात्र तो वडिलांच्या एका शब्दासाठी इतकी वर्षं ताटकळत बसला आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं. (वाईट वाटण्यापलीकडे मी काही केलेलं नाही, कारण तो बाद झाल्यावर वारस मी आहे. माझी पात्रता निर्विवाद आहे: मी कुठून उडी मारायची वेळच कधी येऊ दिलेली नाही.)

काकांचे गुडघे बोलायला लागले तशी त्यांनी तलवार माझ्या हवाली करायचं ठरवलं. पण वस्तू द्यायची तर रीतसर, प्रमाणपत्रासह. म्हणून आम्ही वस्तुसंग्रहालयाच्या ‘मूळ व मूल्य निश्चिती कक्षा’त गेलो. त्या सकाळी तलवार न्यायला जुनी पेटी काढली तर नेमकं तिचं कुलूप अडकलं, तेव्हा काकूंमार्फत भावाला आदेश गेला की पेटी उघड, आणि पुन्हा अडकली तर जवळ असावास म्हणून सोबत चल.

कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या बाकावर एक बाई फुलदाणी घेऊन, एक गृहस्थ अडकित्ता घेऊन आणि एक जोडपं एका पायाने लंगडणारी खुर्ची घेऊन बसलेलं होतं. चौकशीअंती सगळ्या वस्तू राजघराण्यातल्या निघाल्या. इतकी राजघराणी एका बाकावर खेटून बसलेली मी प्रथमच पाहत होतो. दारावर पाटी होती: ‘वस्तू कापडावर ठेवावी. कृपया पूर्वजांविषयी सांगू नये.’

काकांनी पाटी वाचली आणि आत जाताच पुलापासून सुरुवात केली. तपासणाऱ्या बाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी बरेच पूर्वज ऐकलेले असावेत. पूल संपेपर्यंत त्यांनी भिंग लावून निम्मी धार पाहून टाकली.

“या खाचा कोणी घातल्या?”

“शत्रूंनी,” काका म्हणाले.

“कानशीने घातल्यात, काका. सगळ्या एकाच खोलीच्या, एकाच अंतरावर. लढाईत माणसं अशी अंतर राखून येत नाहीत.”

काकांनी एका खाचेवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, “आजोबांकडे कानस होती खरी.”

बाईंनी म्यान उचलून उजेडात धरलं. “म्यान मूळचंच आहे. कारागिराने तोंडाशी भरलेलं मेण अजून आत जसंच्या तसं आहे. कोणी एकदा जरी झटक्यात उपसली असती, तरी ते उडालं असतं. ही हळूच बाहेर काढलीय, तीही फार नंतर. बहुतेक खाचा घालायलाच.”

“म्हणजे हिने लढाई पाहिलेलीच नाही?”

“पाहिली असेल तर म्यानातून. आणि राग मानू नका, पण पुलावर जो पडतो त्याची तलवार जिंकणारा घेऊन जातो. घरी येते ती परत आलेल्याची.”

आता मूल्य. तलवार अस्सल होती, जुनी होती, आणि न वापरलेली, मूळ म्यानासह अशी तलवार सहसा मिळत नाही, असं बाई म्हणाल्या. लढलेल्या तलवारी वाकतात, तुटतात, त्यांना गिऱ्हाईक नसतं. हिला मात्र चांगलाच भाव आला असता.

“असता?” मी विचारलं. (वारस या नात्याने.)

“खाचांनी घालवला.”

थोडक्यात, मूळ पुरुषाने पळून जाऊन जी किंमत राखली होती, ती पुढच्या पिढ्यांनी घरबसल्या पराक्रम करून घालवली. प्रमाणपत्रात हेच जरा सभ्य भाषेत लिहिलेलं आहे.

निघताना लिफ्ट बंद होती. काका कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. ते जिन्यामुळे की मूळ पुरुषामुळे, हे सांगता येत नाही. भावाने एका हातात पेटी घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका थांबले आणि त्यांनी खाली वाकून पाहिलं. काकू तिथे नव्हत्या. मी होतो, पण निरोप्या म्हणून माझी नेमणूक झालेली नव्हती.

“बराच उंच आहे रे,” काका थेट भावाला म्हणाले.

“हो. पण उतरता येतो, बाबा.”

काका आणखी दोन पायऱ्या उतरले. मग पुढे बघतच म्हणाले, “तू थेट मूळ पुरुषावर गेलास.”

भावाचे डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं: “तलवार तुझी. घराण्याची रीत तूच पाळलीस. ह्याने काय केलंय?” ‘ह्याने’ म्हणजे मी. हा अन्याय होता, आणि मी तो तिथल्या तिथे बोलून दाखवणारही होतो. पण तिघांत एकच कठडा होता, म्हटलं सांभाळून उतरावं.

त्या दिवशी काकू गरम जेवण जेवल्या.

पाहुण्यांना काका आता सुधारित वृत्तांत सांगतात: मूळ पुरुष पुलापर्यंत गेले, त्यांनी पलीकडे पाहिलं, आपल्या बाजूच्यांकडे पाहिलं, आणि घरी आले. पाहुणे गालातल्या गालात हसतात. आपणही हसला असाल. हरकत नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की लग्नाआधीच पुलावर उभे राहून शेवटपर्यंत लढलेल्या शूर तरुणांच्या घरी आज हसायला कोणीही नाही. आपण आहात.