उजवीकडची खिडकी

विमानातून स्वतःच्या घरावरून उडत गेलेला माणूस घरात पाऊल टाकण्याआधी समोरच्या शेजाऱ्याचं दार वाजवायचा आणि हळूच विचारायचा, "मास्तर, कोणती होती?"

मीही आवाज खाली करून सांगायचो, "निळी."

"निळी. बरं." एवढं बोलून नरसय्याअण्णा बॅग उचलायचे, गल्ली ओलांडायचे आणि स्वतःच्या दारात उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, "निळी हातरलीस न्हवं? लांबनंच वळखली!"

हे अण्णा सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या समोर राहायचे. एका चादरीच्या कारखान्याचे फिरते विक्रेते. रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचं, दुकानदारांपुढं चादरी उलगडायच्या, तिथून विमानानं हैदराबाद गाठायचं आणि मग रेल्वेनं सोलापूरला परत यायचं. म्हणजे घरावरून पुढं जायचं आणि नंतर अंग आंबवत मागं यायचं. पण कारखान्याचे मालक हौशी होते. आपला माणूस विमानातून उतरला की गिऱ्हाईक भाव पाडत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. गिऱ्हाईक विमानतळावर बघायला येत नाही, हे त्यांना सांगणार कोण?

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या भागात विमानात बसलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि त्यातली तिघं संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकाच टेबलाशी बसत. एक अण्णा, दुसरे दिल्लीला अपिलं चालवणारे पाठक वकील आणि तिसरे सुताचे व्यापारी शहाशेठ. मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर, कायमचा जमिनीवरचा. पण ऐकायला कुणीतरी लागतंच, म्हणून मला त्या टेबलावर मान होता.

"बोइंगसारखं विमान नाही," वकील बशीत चहा ओतत म्हणायचे. "पट्टा बांधेपर्यंत दिल्ली येते."

"आणि उतरताना आपटतं ते?" शहाशेठ उसळायचे. "मागच्या खेपेला माझी कवळी शेजारच्या बाईंच्या मांडीवर जाऊन पडली. परत मागायची तरी कशी सांगा!"

"बोइंग काय कामाचं?" अण्णा मान हलवायचे. "लई वरनं जातंय. बसायचं तर फोकरमधी. पंख डोक्यावर, खाली सगळं मोकळं. त्या ॲव्हरोत खिडकीच्या खाली पंख. पत्रा बघत बसायचं का तासभर?"

"पण खाली बघायचंय काय एवढं?" वकील विचारायचे.

"गाव की!"

अण्णांना उजवीकडची खिडकीच लागायची, कारण हैदराबादला जाताना सोलापूर उजव्या हाताला येतं. त्या जागेसाठी ते विमानतळावर इतक्या लवकर जायचे की झाडूवालाही त्यांना ओळखत असे. एकदा एका नव्या नवरदेवानं बायकोसाठी ती जागा मागितली. अण्णांनी साफ नाही म्हटलं. वर त्या नवरीला समजावलं, "पोरी, सोलापूर जाऊ दे. मग पार हैदराबादपतूर तूच बस." आणि खरोखरच नंतर उठून तिला जागा दिली. हवाई सुंदरीनं वाटलेल्या गोळ्यांतली स्वतःची गोळीही दिली.

वर जाऊन आल्यामुळं अण्णांना जगाकडं बघायची एक खास रीत सापडली होती. गल्लीत गटारावरून भांडण पेटलं की ते मध्ये पडायचे, "वरनं बघा की! गटार दिसतबी न्हाय." शाळेत साहेब माझ्यावर डाफरल्याचं सांगितलं तर म्हणायचे, "वरनं बघा की मास्तर. साहेब केवढा, त्याचं टक्कल केवढं!" या सल्ल्यानं कुणाचं भांडण मिटल्याचं मला आठवत नाही, पण दोन्हीकडचे लोक अण्णांवर चिडायचे आणि त्यात मूळ भांडण मागं पडायचं.

आता त्या चादरीचं. अण्णांची बायको राजमणी, तिला सगळी पेठ अक्का म्हणायची. मूलबाळ नव्हतं. अण्णा फिरतीवर गेले की ती घरात एकटी असायची, दारात बसून विड्या वळायची. अण्णा पहिल्यांदा विमानात बसणार म्हटल्यावर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी तिनं विचारलं, "वरनं आपलं घर तरी दिसतं का?"

"दिसतं की," अण्णांनी ठोकून दिलं.

मग अक्कानं ठरवूनच टाकलं. विमान जायच्या वेळेला ती गच्चीवर चादर पसरणार. ती दिसली की अण्णांनी समजायचं, घरी सगळं ठीक आहे. आणि अण्णांनी येऊन रंग बरोबर सांगितला की तिनं समजायचं, माणूस वर गेला तरी त्याचं लक्ष घरातच आहे. त्या दिवशी विमान गेल्याशिवाय तिच्या पोटात अन्नाचा कण जात नसे.

माझी सकाळची शाळा, त्यामुळं दुपारी मी घरी असायचो. उत्तरेकडं आभाळात बारीक घरघर सुरू झाली की अक्का चादर घेऊन गच्चीवर. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायची आणि मला हाक मारायची, "मास्तर, आज पिवळी हं! धुवून कशी झळकतीया बघा की!" तिला चादरींचं फार कौतुक आहे, असं मला वाटायचं. विमान कधी ठिपक्याएवढं दिसायचं, कधी नुसता आवाज. ती मात्र आवाज विरेपर्यंत वर बघत उभी राहायची.

अण्णांना ती चादर दिसत नव्हती हे उघड होतं. पण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही. दर वेळी नवीन कारण असायचं. "नेमकं सोलापूर आलं आन् ढग आडवा आला." "नेमका त्याच टायमाला चहा आला बघा." "तळं दिसलं, गिरणीची चिमणी दिसली, आता घर म्हनताना विमान कलंडलं." पुढच्या खेपेला नक्की, असं ते मला बजावायचे. मला हसू यायचं आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटायची.

पुढं अक्काला खोकला लागला. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली. पावसाळ्यानंतर ती अंथरुणाला खिळली. अण्णांनी एक खेप टाळली, दुसरी टाळली, तिसऱ्या खेपेला तिनंच त्यांना बाहेर काढलं. विमानाच्या दिवशी दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. उशाशी हिरवी चादर घडी घालून ठेवली होती.

"मास्तर, आज जिना चढवंना. त्यांनी इचारलं तर हिरवी म्हना."

मी गडबडलो. "मला? मला कशाला विचारतील ते?"

अक्का हसली, मग बराच वेळ खोकली. "अय्यो मास्तर! समोर बसून जेवतानी माझं लुगडं कुठल्या रंगाचं हाय, ते कळत न्हाय त्या मानसाला. वरनं चादर वळखतोय व्हय? म्हनून तर तुमाला हाक मारून सांगत हुते, कोणती हाय ते."

"मग इतकी वर्षं त्यांना बोलला का नाहीत?"

"दिसली म्हनतानी त्यांचं तोंड कसं हुतंय, बघितलंय का कधी?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या की. त्यांना कळू देऊ नका."

मी मान डोलावली. अण्णा परतले, माझ्या दाराशी थांबले. मी "हिरवी" म्हणालो. समोरच्या घरातून त्यांचा आवाज आला, "हिरवी हातरलीस न्हवं? लांबनंच वळखली!" आणि त्यामागून अक्काचं खोकत खोकत हसणं.

दिवाळीआधी अक्का गेली.

अण्णा काही आठवडे घराबाहेर पडले नाहीत. मालकांचे निरोप आले, तेव्हा कुठं बॅग उचलली. जायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलात आले. चहा आला. शेवटी पाठक वकिलांनीच धीर केला, "अण्णा, हैदराबादला आता बोइंग सोडणार म्हणतात."

अण्णांनी भांडावं म्हणून आम्ही तिघंही वाट बघत राहिलो.

"चांगलं इमान हाय," अण्णा म्हणाले. "लवकर जातंय." आणि चहा तसाच ठेवून उठले.

विमानाच्या दिवशी दुपारी आवाज आला तेव्हा मी सवयीनं गच्चीवर गेलो. समोरची गच्ची रिकामी होती. चार कोपऱ्यांवरच्या विटा तेवढ्या जागच्या जागी होत्या.

परतल्यावर अण्णांचा टांगा माझ्याच दाराशी थांबला. ते उतरले, बॅग खाली ठेवली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, कोणती..."

पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. मी त्यांना हात धरून आत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पेला हातातच धरून ठेवला.

"उजवीकडचीच खिडकी घेतली हुती," ते म्हणाले. "ढग न्हवता, काय न्हवतं. एकदम साफ. लई बघितलं, मास्तर." मग पेला खाली ठेवला. "खरं सांगू का? एकदाबी दिसली न्हाय हो. पयल्यापासनं एकदाबी न्हाय."

मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तिला ठाऊक होतं, पहिल्यापासून ठाऊक होतं, असं ओठांवर आलं. पण त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि अक्काला दिलेला शब्द आठवला.

अण्णा उठले. बॅग उचलली, खिशातून घराची किल्ली काढली आणि उंबऱ्यावर थांबून वळले.

"तिला मातर सांगू नका, मास्तर."

"नाही सांगत," मी म्हटलं.

ते गल्ली ओलांडून गेले आणि कुलूप उघडू लागले.