दुखवट्यातले चार्जिंग

नझीह उस्तादांनी सौरपेटी घरात आणली त्याच दिवशी समुद्रकाठच्या सैदा शहरावर पावसाने जो तळ ठोकला, तो हलायचे नाव घेईना.

पेटी दिसायला मोठी गुटगुटीत होती. वर मूठ, पुढे टक्के दाखवणारा हिरवा पडदा, सोबत घडी घालून ठेवायचा काळा सौरफलक. दुकानदाराने तिच्या पाठीवर थाप मारून सांगितले होते, "उस्ताद, आजपासून सूर्य तुमचा नोकर!" तो नोकर अजून कामावर रुजूच झाला नव्हता. उस्ताद रोज सकाळी जिना चढून गच्चीवर जात, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्यांमधून वाट काढत फलक पसरत, आणि छत्री धरून त्याच्याशेजारी उभे राहत. छत्रीची सावली फलकावर पडते हे त्यांना दुसऱ्या दिवशी समजले. मग ते नुसतेच भिजू लागले.

"किती झाले?" खाली आल्यावर त्यांची बायको हियाम विचारी.

"चार टक्के."

"सकाळी सहा होते ना?"

"पडद्यावर आकडा दाखवायलाही वीज लागते, बाई."

"म्हणजे स्वतःचाच जीव खाऊन जगते मेली. माझ्यासारखीच आहे. राहू दे तिला."

हियाम हे हसत म्हणे, पण हसण्यापायी तिला धाप लागे. तिची फुफ्फुसे थकली होती. नाकातल्या नळीतून ऑक्सिजन देणारे यंत्र तिच्या उशाशी गुरगुरत असे, आणि ते विजेवर चाले. सरकारची वीज पाहुण्यासारखी. आली तर आली. गल्लीत घरोघर वीज विकणारा जनरेटरवाला दुपारी आणि रात्री आपले धूड विसाव्याला बंद ठेवी. तेवढ्या वेळापुरती पेटी हवी होती. जनरेटर चालू असताना ती घरीच भरून घ्यावी, तर उस्तादांची जोडणी इतकी किडकिडीत, की यंत्राच्या जोडीला पेटी लावली की खटका पडून दोन्ही बंद. अडीअडचणीला एक छोटा सिलिंडर होता. त्याचा काटा रोज थोडाथोडा खाली सरकत होता, आणि दोघेही त्याच्याकडे बघायचे टाळत होते.

शेवटी उस्तादांनी पेटी उचलली आणि जिथे वीज असेल तिथे नेऊ लागले. ही पेटी घेण्यासाठी त्यांनी गाडी विकली होती. त्यामुळे आता पेटी न्यायला गाडी नव्हती. आई नसलेले तान्हे मूल दूध पाजायला दारोदार न्यावे, तसे ते तिला छातीशी धरून भर पावसात हिंडत.

बेकरीवाल्याने दोन दिवस लावू दिली. तिसऱ्या दिवशी कणीक मळायचे यंत्र मध्येच थांबले तेव्हा तो म्हणाला, "उस्ताद, केवढ्याला घेतलीत?" उस्तादांनी सांगितले. "फसलात की हो!" एवढे बोलून त्याने वायर काढून त्यांच्या हातात दिली. दातांच्या डॉक्टरांनी पेटी हलवून पाहिली, ठोकून पाहिली, तिच्या तोंडात दिवा मारून पाहिला. "आतली बॅटरी जुनी असणार. गाडी किती चांगली होती तुमची!" पेटीची किंमत ठरवायला सगळ्यांना वेळ होता. प्लग मात्र कुणाचाच मोकळा नव्हता.

अशाच एका दुपारी उस्ताद रिकाम्या पेटीसह परत निघाले होते. घरात सिलिंडरचा काटा लाल रेघेला टेकला होता. मशिदीशेजारच्या सभागृहापाशी त्यांचे पाय थांबले. आत झुंबरे लखलखत होती. मागच्या अंगाला मोठा जनरेटर दिमाखात घुमत होता. दारावर काळ्या चौकटीचा कागद होता : हाजी मिस्बाह यांचा दुखवटा.

उस्तादांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. कुणाच्या ताटात कधी हात घातला नव्हता. ते क्षणभर पावसात उभे राहिले, आणि मग पेटीवर ओव्हरकोट टाकून आत शिरले.

रांगेत उभ्या असलेल्या नातलगांचे हात त्यांनी एकेक करून हातात घेतले. "त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो," असे पुटपुटत ते शेवटच्या खुर्चीपर्यंत सरकले. सभागृह निम्म्याहून रिकामे होते. आलेली माणसेही घड्याळाकडे बघत कडू कॉफीचे घोट घेत होती. रडत कुणीच नव्हते. खुर्चीमागच्या पडद्याआड उस्तादांना प्लग सापडला. वायर लावताच पेटीचा पंखा घूंऽऽ करू लागला. तो ऐकू जाऊ नये म्हणून उस्ताद खाकरले. बघता बघता आकडा वर चढू लागला. कित्येक दिवसांत त्यांना इतके सुख झाले नव्हते.

एवढ्यात रांगेतला एक थोराड म्हातारा गुडघे धरत आला आणि शेजारच्या खुर्चीत कोसळला.

"मी रशाद. मिस्बाहचा धाकटा भाऊ," तो म्हणाला. "तुम्हाला पाहिल्यासारखं वाटत नाही. त्याला कुठून ओळखायचात?"

"आम्ही..." उस्तादांच्या तोंडात शाळेशिवाय दुसरे काही येईना. "शाळेत बरोबर शिकवायचो."

"तो खाटीक होता."

"तेच म्हणतोय मी. मी शिकवायचो आणि ते मांस पाठवायचे."

"शाळेत?"

"सहलीला! मुलांना घेऊन आम्ही सूर शहराच्या किनाऱ्यावर गेलो होतो. हाजी स्वतः शेगडी घेऊन आले. सगळ्या मुलांना कबाब भाजून वाढले. स्वतः घासभरही खाल्लं नाही."

रशाद त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांनी उस्तादांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. आता पेटी उचलून पळ काढणेही शक्य नव्हते.

तासाभराने मोठ्ठा खटका उडाला आणि मागचा जनरेटर बंद पडला. झुंबरे विझली, प्रवचन देणाऱ्या शेख साहेबांचा कर्णा अर्ध्या शब्दावर मुका झाला. त्या शांततेत पडद्यामागून पेटी दोनदा टुंई टुंई ओरडली.

"हे काय?" कुणीतरी पडदा सारला. सगळे सभागृह वळून पाहू लागले. अंधारात पेटीचा हिरवा पडदा चमकत होता : शहात्तर टक्के.

"तुम्ही... हे आमच्यासाठी आणलंत?" रशादांनी विचारले. "वीज गेली तर दुखवटा थांबू नये म्हणून? मिस्बाहसाठी?"

उस्तादांची मान आपोआप खाली-वर हलली.

मग काय! दोन तरुणांनी पेटी मिरवत पुढे नेली. तिच्यावर कर्णा लावला, दिवा लावला. शेख साहेबांनी अशा मित्राला दीर्घायुष्य चिंतले. टक्के सत्तर झाले. कुणीतरी म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजते आहे, म्हणून हीटर लावला. आकडा जिना उतरल्यासारखा उतरू लागला. पन्नास... चाळीस... उस्तादांना डोळ्यांपुढे हियामची नळी दिसू लागली आणि त्यांना हुंदका फुटला. कॉफीवाल्याने आपली विजेची किटली लावली, तेव्हा ते ओक्साबोक्शी रडू लागले.

"खाटकासाठी इतकं कोण रडतं!" मागच्या रांगेत कुजबुज झाली. आतापर्यंत घड्याळ बघणाऱ्या एका पुतण्याचे डोळे भरून आले. मग दुसऱ्याचे. हीटरच्या उबेत सगळे सभागृह मुसमुसू लागले. दुखवटा म्हणावा असा दुखवटा झाला. शेवटी पेटीने एक लांब सूर काढला आणि डोळा मिटला.

रशादांनी उस्तादांना एकट्याने जाऊच दिले नाही. पेटी आपल्या गाडीत घातली आणि "छे, छे, तुम्ही नाही उचलायची," म्हणत दुखऱ्या गुडघ्यांनी पाच जिने चढवून आणली. दार उघडले तेव्हा हियाम पलंगावर ताठ बसून श्वास मोजून घेत होती. सिलिंडरचा काटा लाल रेघेच्या खाली गेला होता. उशाशी यंत्र मुके उभे होते.

"कोण गेलं?" उस्तादांचे सुजलेले डोळे पाहून तिने विचारले.

"मिस्बाह."

"कोण मिस्बाह?"

"माझा... जिवलग मित्र."

हियामने त्यांच्याकडे पाहिले, मग दारातल्या अनोळखी म्हाताऱ्याकडे, मग पेटीकडे. "गेल्यावर भेटलेला दिसतोय," ती हळूच म्हणाली.

रशादांनी नळी पाहिली, सिलिंडर पाहिला, पेटीचा विझलेला पडदा पाहिला. पेटी पुन्हा उचलून ते तसेच जिना उतरले. उस्ताद खिडकीत उभे राहून पाहत राहिले. पेटी गेली, गाडी तर आधीच गेली होती, आणि अब्रू कुठल्या मजल्यावर राहिली ते कळत नव्हते. पण दिवेलागणीच्या आत रशादांचा माणूस पेटी भरून घेऊन आला. सोबत भरलेला सिलिंडर आणि निरोप : मिस्बाहचे दुकान आता रशाद चालवतात; मांस थंड ठेवायला तिथला जनरेटर दिवसभर चालतो. उद्यापासून उस्तादांनी पेटी तिथे आणावी. पैसे नकोत. तासभर बसून मिस्बाहबद्दल दोन शब्द बोलावेत.

तेव्हापासून उस्ताद रोज जाऊ लागले. एका हुकाला मेंढा, दुसऱ्या हुकाला उस्तादांचा ओला कोट, आणि मधे स्टुलावर पेटी. वीज फुकट होती. रोज नवी आठवण मात्र कुठून आणायची? उस्ताद रात्री हियामच्या उशाशी बसून मेलेल्या माणसाचे आयुष्य रचत. "काल तो बुडणाऱ्याला वाचवायला गेला," ती नळी सावरत म्हणे. "आज जरा बेतानं. माणूस होता, पैगंबर नव्हे."

म्हणून त्या दिवशी उस्तादांनी साधी गोष्ट निवडली. "बकरी ईदला हाजी अंधारात निघायचे. जुन्या बाजारातल्या विधवांच्या दारात मांसाच्या पिशव्या ठेवायचे. नाव नाही, गाव नाही. एकदा मीच त्यांना पकडलं. तर म्हणाले, उस्ताद, कुणाला सांगू नका..."

रशादांनी सुरा खाली ठेवला.

"आमच्या मिस्बाहनं?" ते म्हणाले. "उस्ताद, त्यानं सख्ख्या भावाला कधी हाड फुकट दिलं नाही. मी आजारी होतो तेव्हा सूपसाठीचं मांसही तोलून दिलं. जन्मात एकदाही शाळेच्या सहलीला गेला नाही तो. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला."

उस्तादांचे कान तापले. त्यांनी वायर काढायला हात पुढे केला.

रशादांनी तो हात हळूच बाजूला सारला. बाहेर पाऊस पडतच होता. त्यांनी एप्रनला हात पुसले, उलटे डबडे ओढून उस्तादांसमोर बसले आणि पेटीच्या पडद्याकडे बोट दाखवले.

"थांबलात कशाला? अजून साठच टक्के झालेत. सांगा पुढं, काय म्हणाला माझा भाऊ?"