सेतुमामांकडे मुक्कामाला असलेली माणसं

सेतुमामा अनोळखी लोकांना फोन करून विचारतात, "तुमचा गडी चार वर्षं जंगलात उभा आहे. येऊन घेऊन जाता, की माझ्याकडेच राहू दे?"

समोरचा माणूस घाबरतो. एका बँकेतल्या बाईंनी तर पोलिसांत जाण्याची धमकी दिली होती. मग मामा आपल्या मऊ तमिळमध्ये समजावतात, की गडी म्हणजे व्हिडिओ गेममधला शिलेदार, जंगल म्हणजे तिसरी लेव्हल, आणि तुम्ही कॉलेजात असताना विकून टाकलेलं मशीन फिरत फिरत आज माझ्या दुकानात आलं आहे. त्यात तुमचा अर्धा राहिलेला खेळ अजून जसाच्या तसा आहे. बँकेतल्या बाईंनी यावर आवाज खाली आणून विचारलं, "त्याच्याकडे निळी तलवार आहे का हो अजून?" पुढच्या शनिवारी त्या नवऱ्याला घेऊन दुकानात हजर!

हे दुकान चेन्नईच्या अण्णा नगरात एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. जुने-नवे गेम विकणं आणि बिघडलेली मशीनं दुरुस्त करणं हा मामांचा धंदा. पण जुनं मशीन विकताना बाकीचे दुकानदार आधीच्या मालकाचं सगळं पुसून टाकतात, तसं मामा करत नाहीत. खेळ जिथे थांबवला तिथली नोंद मशीनमध्ये राहते, तिला सेव्ह म्हणतात. मामा ती सेव्ह एका मेमरी कार्डावर उतरवतात, कार्डावर नाव लिहितात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. मशीन आणणाऱ्याने ते कुणाकडून घेतलं त्याचा नंबर द्यायचा, असा दंडकच आहे. त्या कपाटात आज निदान तीनशे माणसं मुक्कामाला आहेत. मामा रोज सकाळी त्यांच्यापुढे उदबत्ती ओवाळतात. देवाच्या तसबिरीची पाळी त्यानंतर येते.

मी मूळची साताऱ्याची. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. चेन्नईत पहिल्या वर्षी फार एकटं वाटायचं, म्हणून एक जुनं मशीन घ्यावं असं ठरवून मामांकडे गेले. आईशी फोनवर बोलत जिना चढत होते, तेवढ्यात काउंटरमागून आवाज आला, "काय मा, मराठी की तू? कोठली?"

मी बघतच राहिले. कपाळावर गंध, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, खाली लुंगीसारखी नेसलेली वेष्टी, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर. सेतुमाधवराव. घराणं तंजावरचं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेले त्यांचे पूर्वज जी मराठी घेऊन आले, ती मामांनी अजून वापरात ठेवली आहे, आणि तिच्यावर तमिळची फोडणी आहे.

मी म्हटलं, "मामा, हे मशीन आजच न्यायचंय."

"आज नव्हे. ह्यात एक प्राणी आहे. त्यास आधी उतरवायास हवें."

"पुसून टाका ना."

मामांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "कोणी दोन वर्षं खपून घर बांधलें, आणि तू म्हणतेस पुसा? अय्यो! साताऱ्यास असेंच शिकवतात काय?"

साताऱ्याची अब्रू राखायला मी चार दिवस थांबले. मशीन मिळालं, पण तोवर मला दुकानाचीच सवय लागली होती.

रविवारी तिथे जत्रा भरते. पंचवीस-तीस पोरंपोरी येतात. कुणी पुठ्ठ्याचं चिलखत घालून येतो, कुणी केस जांभळे करून. गाड्या धुवायला वेळ नाही म्हणणारे हे लोक कंट्रोलरची बटणं कानातल्या काड्यांनी तासभर पुसत बसतात. गेमचा कुठला भाग चांगला यावर इतकं कडाक्याचं भांडण होतं, की खालच्या दवाखान्यातले पेशंट दाढदुखी विसरतात. मामांचा नियम एकच. ज्याने दुसऱ्याला गेमचा शेवट फोडला, त्याने पेलाभर निलवेंबूचा काढा प्यायचा. तापात देतात तो, कारल्याला गोड म्हणायला लावणारा. मी एकदा प्यायले आहे. त्यानंतर मी ऑफिसात सिनेमाचासुद्धा शेवट सांगत नाही.

एवढ्या गडबडीत मामा स्वतः मात्र कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीसमोर बसून एकच गेम खेळत असायचे. आणि काय वाईट खेळायचे! साधं वटवाघूळ आलं तरी मामांचा शिलेदार मरायचा. मांडीवर एक वही उघडी असायची, ती वाचून ते पुढचं पाऊल टाकायचे. कुणी मदतीला गेलं, की खेकसायचे, "सोड! माझें मी करीन."

"मामा, एवढा त्रास का करून घेता?" मी एकदा न राहवून विचारलं.

तेव्हा कळलं. ती वही त्यांच्या थोरल्या भावाची. अण्णा आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दर रविवारी दुकानात येऊन हा गेम खेळू लागले. दोन वर्षं, नकाशे काढून, हिशेबी माणसासारखे. शेवटच्या दारापर्यंत पोहोचले. दार पुढच्या रविवारी उघडायचं म्हणून सेव्ह करून घरी गेले. आणि मधल्या बुधवारी मामा एका गिऱ्हाइकाला नवा गेम दाखवत होते. कार्डात जागा नाही, जुनं पुसू का, असं मशीनने विचारलं. मामांनी बोलता बोलता 'हो' दाबलं.

"रविवारी अण्णा आला. बघितलें. कॉफी प्यायला, छत्री घेतली, गेला. वही येथेंच राहिली. सात वर्षं झाली, मा. लग्नामुंजीत भेटतो. माझ्याकडे बघत नाही."

"मग आता?"

"तो होता तेथवर त्याचा गडी नेऊन उभा करायचा. मग त्यास बोलवायचें."

तेव्हापासून मामा खेळात मेले, की सगळं दुकान हळहळू लागलं. पोरं मागे उभी राहून चडफडायची, पण हात कुणी लावला नाही. आणि गेल्या जानेवारीत एका रविवारी मामा त्या दारासमोर पोहोचले. तोच शिलेदार, तीच ढाल, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली तेवढीच नाणी. जांभळ्या केसांच्या दिव्या नावाच्या पोरीने मामांना उचललं. खालून डॉक्टर वर आले, कशाबद्दल ते न विचारता त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"लावा फोन अण्णांना," मी म्हटलं.

मामांनी फोन हातात घेतला. ठेवला. परत घेतला. जंगलातल्या गड्यांसाठी निम्म्या शहराला फोन करणारा हा माणूस सख्ख्या भावाचा नंबर लावू शकेना. "त्याने उचलला नाही तर?" एवढंच म्हणाले. मला एकदम फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मी जाते.

पुढच्या शनिवारी आवडीला गेले. अण्णा अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत पाणीच घालत राहिले, झाडाखाली तळं झालं.

"त्याने पाठवलें तुज?"

"नाही. त्यांना फोन करायची भीती वाटते."

"हूं," म्हणून ते चप्पल काढून आत गेले. अण्णांच्या बायकोने, वैनींनी, मला आत बोलावून कॉफी दिली. मी बसले, आणि टीव्हीखाली क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं मशीन दिसलं. दुकानात आहे तसलंच. वर तोच गेम.

"हा गेम अण्णा इथे खेळतात?"

"खेळतात काय, केव्हाच संपवला," वैनी हळूच म्हणाल्या. "तेथें पुसला गेला, त्याच वर्षी येथें पहिल्यापासून केला. दोनदा संपवला. राग गेमचा नव्हताच, मा. सेतूने एक फोन करून 'चुकलों' म्हटलें नाही, त्याचा. रोज फोन जवळ घेऊन बसतात."

अण्णा शर्ट घालून बाहेर आले. आमचे चेहरे बघून त्यांना कळलं असावं. म्हणाले, "सात वर्षं तो बसून राहिला, मजसाठी. मी संपवलें हें त्यास सांगू नको."

मी मान हलवली. 

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात आले. मामा उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. "अण्णा, चुकलों," म्हणाले. अण्णा म्हणाले, "सेरी, सेरी, बरें. कॉफी सांग." एवढ्यात सात वर्षं आटोपली. मग अण्णांनी चष्मा लावून कंट्रोलर हातात घेतला, सगळी ढाल-तलवार तपासली आणि दार उघडलं. आत बारा हातांचा राक्षस. पहिल्याच फटक्यात अण्णांचा शिलेदार आडवा.

"उजवीकडे हो, अण्णा! उजवीकडे!" मामा ओरडले.

दुसऱ्यांदा आडवा. तिसऱ्यांदा आडवा. पोरं कळवळली. मी मात्र पडद्याकडे बघत नव्हते, अण्णांच्या अंगठ्याकडे बघत होते. दर वेळी तो अगदी वेळेवर नेमक्या बटणावर जायचा आणि तिथे थांबायचा. दाबायचा नाही.

"मज जमेना रे, सेतू," अण्णा म्हणाले. "पुढच्या आदितवारी बघू."

याला आता तीन महिने झाले. अण्णा दर रविवारी आवडीहून येतात, कॉफी पितात, दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून बसतात, आणि अण्णा मोठ्या निष्ठेने हरतात. मामांची समजूत आहे, की वयामुळे अण्णांचे हात चालत नाहीत. म्हणून ते दर शनिवारी संध्याकाळी मला फोन करून बजावतात, "उद्या तो हरला तर कोणी हसू नका, मा. पोरांसही सांग. त्यास वाईट वाटेल."