एकतर ओव्हन, नाहीतर बाजार

मंडळी, शेअर बाजारात मुरलेल्या माणसाला कोंबडी भाजणं म्हणजे डाव्या हाताचा मळ आहे, असं मी अगदी छातीठोकपणे सांगायचो. कोंबडीचं बरं असतं! एकदा ओव्हनमध्ये ठेवली की ती वर जात नाही, खाली येत नाही, आणि तिचं पुढे काय होणार यावर टीव्हीवर चार टाय लावलेली माणसं भांडत नाहीत. वेळ झाली की दार उघडायचं, बाहेर काढायची आणि वाढायची. यात अवघड काय आहे?

हे भाषण मी वर्षअखेरच्या सुट्टीच्या आठवडाभर आधी घरात ठोकलं. या सुट्टीला दरवर्षी ताई आणि भाऊजी गावाहून आमच्याकडे येतात आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारी माझी आई येते. घर आमचं, पण त्या दिवशीचा स्वयंपाक आईचा. ती सकाळपासून ओट्याशी उभी असते, एकेकाच्या ताटात गरम गरम वाढते, आणि आम्ही सगळे पोटावरून हात फिरवत सोफ्यावर आडवे झालो की तिथंच उभ्या उभ्या उरलंसुरलं गार अन्न खाते. "तू बस ना," असं आम्ही दरवर्षी म्हणतो. सोफ्यावरूनच म्हणतो. यंदा मात्र का कोण जाणे, मला त्याची लाज वाटली.

"आई, यंदा तू कशाला हात लावायचा नाहीस!" मी फर्मान काढलं. "सगळ्यांच्या आधी तुझं ताट. गरम! वाफाळतं! आणि बसून!"

आई हसली आणि "बरं" म्हणाली. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"मी खरंच काही आणायचं नाही ना रे?"

"नाही!"

"निदान बटाटे सोलून आणते."

"आई!"

"बरं, बरं. नाही आणत." आणि ती फोनवर एखाद्या लहान मुलीसारखी हसली. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनाही तिने सांगून टाकलं होतं की या सुट्टीला माझा मुलगा मला करून वाढणार आहे. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

बायको माझी शाळेत मास्तरीण आहे, त्यामुळे वर्गात कोण काय लपवतंय हे तिला लांबूनच दिसतं. ती म्हणाली, "फोन फक्त कृती बघायला. बाजार दिसला तर याद राख!"

"अगं, सुट्टी आहे! सुट्टीच्या दिवशी कसला आलाय बाजार?"

सुट्टी आमच्या ऑफिसला होती. बाजाराला नव्हती. एवढा बारीक तपशील तिला सांगून तिचा मूड कशाला घालवा, म्हणून मी गप्प बसलो. शिवाय त्याच दिवशी माझ्या लाडक्या कंपनीचे तिमाही निकाल लागणार होते. ही कंपनी नळ बनवते. जगात माणसं आहेत तोवर नळ लागणार, या एका विचारावर मी तिचे शेअर घेतले होते, आणि मी घेतल्यापासून ते नळातून पाणी यावं तसे खालीच येत होते. माझ्या खरेदीच्या भावाला एकदा, फक्त एकदा तो शेअर वर आला की विकून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं.

सुट्टीचा दिवस उजाडला. थंडी मरणाची! आई सगळ्यांत आधी आली. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले. सवयीने ती सरळ स्वयंपाकघराकडे निघाली; मी तिला खांद्याला धरून वळवलं आणि बाहेरच्या खोलीत हीटरजवळच्या खुर्चीत बसवलं. ती बसली, पण हातांचं काय करायचं ते तिला समजेना. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले आणि ती दाराकडे बघत राहिली.

मी कोंबडीला लोणी चोळलं, भोवती बटाटे रचले, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि खटका दाबला. मग पिठाच्या डब्याला फोन टेकवला. वरच्या अर्ध्या पडद्यावर कृती, खालच्या अर्ध्यावर नळ. बघा कसं जमवलंय, असं स्वतःशीच म्हणालो. तेवढ्यात टप्प! सगळं घर बंद!

"काय झालं?" बाहेरून भाऊजी ओरडले. भाऊजी बस चालवतात, त्यामुळे त्यांचा साधा प्रश्नसुद्धा मागच्या सीटपर्यंत ऐकू जातो. "बाजारबुवा, बिल भरलंय ना?"

बिल भरलं होतं. पण आमच्या घराच्या वायरिंगला ओव्हन आणि हीटर दोन्ही एकदम सोसत नाहीत, हा शोध मला त्या क्षणी लागला. मी ओव्हनचा खटका बंद केला आणि पॅसेजमध्ये जाऊन मेन स्विच वर केला. दिवे आले, हीटर आला. आला नाही तो वाय-फाय. आमच्या स्वयंपाकघरात मोबाइलला रेंज मिळत नाही, सगळी भिस्त त्या वाय-फायवर. आणि तो राऊटर एकदा बंद पडला की उठायला इतका वेळ लावतो की जणू त्याला उठून चहा, अंघोळ सगळं उरकायचं असतं! तो येईपर्यंत निकाल लागलेसुद्धा होते आणि नळ चक्क वर निघाला होता!

आता पुन्हा लाइट जाऊन चालणार नव्हतं. ओव्हन परत लावायच्या आधी मी बाहेर गेलो आणि हळूच हीटर बंद केला.

"आई, तुला उकडत असेल ना?"

"हो, जरा उकडतंच आहे," आई म्हणाली आणि तिने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मंडळी, मी ती शाल बघितली होती. नाही बघितली असं म्हणायची सोय नाही. बघितली, आत जाऊन ओव्हन लावला आणि नळ बघितला.

पण ताईच्या नजरेतून काय सुटतंय! थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "अगं आई, तुझे हात किती गार पडलेत! कोणी बंद केला हा हीटर?" खट्! आणि लगेच टप्प! पुन्हा काळोख, पुन्हा ओव्हन बंद करून मेन, पुन्हा राऊटरची अंघोळ. वाय-फाय आला तेव्हा शेअर माझ्या भावाच्या अगदी जवळ जाऊन परत फिरला होता. मी हात चोळत बसलो.

"हीटर बंद करायचा नाही हं!" ताईने दारात येऊन दम दिला. "आईला थंडी वाजतेय."

"छे, छे! हीटर हवाच!" मी म्हणालो. "आधी आई, मग बाकी सगळं!"

ताईचे डोळे भरून आले. "शहाणा झालास रे," म्हणाली आणि गेली. ती गेल्यावर मी ओव्हन बंदच ठेवला.

थोडाच वेळ! खरंच थोडाच वेळ बंद ठेवणार होतो. ओव्हन आतून गरम होता, कोंबडी त्या उबेवर शिजत राहील, असा माझा हिशेब होता. शेअर भावाला आला की विकायचं, मग बाजार बंद, हीटर जरा वेळ बंद, ओव्हन चालू, आणि जेवण फार तर किंचित उशिरा. पण तो शेअर म्हणजे! जरा वर यायचा, माझ्याकडे बघून हसल्यासारखा थांबायचा आणि परत खाली. "आता येईल, आता येईल," करत मी ओट्याशी खिळून राहिलो.

बाहेर भुका लागायला लागल्या. भाऊजींचा आवाज आला, "काय हो, वास कसला येत नाही तो?"

वास! बंद ओव्हनातून कसला वास येणार? पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. गॅसवर तवा ठेवला, लोणी टाकलं, त्यात लसूण परतला आणि टॉवेलने तो वास बाहेरच्या खोलीकडे वारा घालून पिटाळला.

"वाऽऽ!" बाहेर एकच गजर झाला.

"झालीच बघा!" मी ओरडलो.

"आई, ऐकलंस का? झालीच!" ताई म्हणाली.

"मला काही घाई नाही गं," आईचा आवाज आला. "त्याला सावकाश करू दे. एकटा करतोय बिचारा."

ते ऐकून मी ओव्हनकडे वळलोसुद्धा. पण तेवढ्यात शेअर चढायला लागला, आणि मी तसाच परत फोनकडे फिरलो! वास कमी झाला की मी न बघताच तव्यात आणखी लसूण टाकत होतो. चढला! आणखी चढला! माझ्या भावाला आला! मी विक्रीचा आकडा भरला, अंगठा बटणावर नेला, आणि स्वयंपाकघराच्या दारात बायको.

"अरे, धूर केवढा! काय जळतंय?"

तव्यातल्या लसणाचे कोळसे झाले होते. त्या धुरात माझ्या हातात फोन, फोनवर नळ. ॲप्रनला खिसा नाही. काय करू? मी गर्रकन वळलो, ओव्हनचं दार उघडलं, कोंबडी बघतोय असं दाखवत फोन ट्रेच्या कडेला सरकवला आणि दार लावून टाकलं.

"काही नाही! फोडणी! कोंबडी अगदी मस्त होतेय!"

बायकोने गॅस बंद केला. डक्टकडची खिडकी उघडली. मग ओव्हनकडे बघितलं. मग त्याच्या दारावर तळहात ठेवला. शाळेत ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा ठेवला.

"हा तर गार आहे!" ती म्हणाली. "अरे देवा, याचा खटकाच बंद आहे! तुझं लक्ष तरी कुठे असतं?" आणि मी "थांब! थांब!" म्हणेपर्यंत तिने खटका दाबला.

टप्प!

बाहेर हीटर चालू होताच. भरदुपारीही दिव्यावर चालणारं आमचं स्वयंपाकघर काळोखात गेलं, आणि त्या काळोखात आमच्या ओव्हनच्या काचेतून मंद हिरवा उजेड पडायला लागला. बायको वाकून आत बघायला लागली. मागून ताई आली, भाऊजी आले. सगळे वाकले. आत माझी कोंबडी, गोरीपान, थंडीने शहारल्यासारखी, आणि तिच्या कुशीत माझा फोन. फोनवर बाजाराचा आलेख.

मग भाऊजी म्हणाले, "बाजारबुवा, कोंबडी घेताय की विकताय?"

कोणी हसलं नाही. बायको फक्त माझ्याकडे बघत होती. ताईला एकेक गोष्ट उलगडत गेली, आणि मघाशी माझ्यासाठी भरून आलेले तिचे डोळे आता वेगळेच दिसायला लागले. मी ओव्हनचा खटका बंद केला आणि भाऊजी मेन वर करायला गेले. राऊटरने निवांत सगळं उरकलं आणि फोनला जीव आला तेव्हा नळ कंपनी माझ्या भावापासून इतकी खाली गेली होती की तिथून हाक मारली तरी ऐकू आली नसती. ते शेअर अजून माझ्याकडेच आहेत. कोणाला हवे असतील तर सांगा.

ओव्हनमध्ये कोंबडी व्हायला आता संध्याकाळ झाली असती. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात दारातून आई आत आली. शाल तिने खुर्चीवर ठेवली होती आणि बाह्या वर सरकवल्या होत्या.

"सरक जरा," ती मला म्हणाली. रागाने नाही. नेहमी म्हणते तसंच.

"आई, तू बस! मी करतो! आत्ता होईल!"

"अरे, भुकेली आहेत सगळी. सुरी कुठे ठेवलीस?"

तिने कोंबडीचे तुकडे केले, जळका तवा घासला, लसूण नव्याने ठेचला, आणि बघता बघता गॅसवर सगळं चरचरायला लागलं. आता खरा वास सुटला. तव्यात एका वेळी थोडेच तुकडे मावत होते, म्हणून ती एकेक घाणा काढून एकेकाच्या ताटात वाढत गेली. "खा रे, गरम आहे तोवर खा," म्हणत राहिली. मी माझं ताट तिच्यासाठी ठेवायला गेलो, तर तिने ते माझ्यासमोर परत सरकवलं. मी खाल्लं. चव फार सुरेख होती, आणि मी दुसऱ्यांदा मागितलं नाही.

सगळे सोफ्यावर गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्याशी उभी राहून जेवत होती. कोंबडीची मान, दोन बटाटे, तव्याला लागलेलं थोडं काहीतरी. सगळं गार. मी स्टूल ओढलं.

"आई, बस तरी."

"झालंच माझं," ती म्हणाली. पण मी धरून बसवल्यावर बसली.

"आई, चुकलं माझं. तुला गरम वाढायचं होतं गं. खरंच वाढायचं होतं."

"अरे, त्यात काय एवढं! मला कुठे सवय आहे गरम खायची? तोंड भाजलं असतं."

निदान तिचं होईपर्यंत समोर बसावं, दुसरं काही करू नये, एवढं मी ठरवलं. आणि तेवढ्यात खिशातला लोण्याने माखलेला फोन किणकिणला. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मी तो अर्ध्यावर थांबवला.

"बघ, बघ," आई म्हणाली. "महत्त्वाचं असेल."

आणि मी बघितलं! मंडळी, तुम्हाला खोटं सांगून काय उपयोग? मी बघितलं.

"काही वाईट नाही ना?" आईने विचारलं.

"नाही गं. बाजाराचं ॲप आहे. विचारतंय, आजचा तुमचा अनुभव कसा होता म्हणून."

आईने गार बटाट्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, ताट उचललं आणि नळाखाली धरलं.

"बरे आहेत की रे," ती म्हणाली. "विचारतात तरी."