प्रशांतचा ओवा

माझा रूममेट प्रशांत कुणाकडे जेवायला गेला की ताटं मांडायच्या आधी ओव्याचा डबा मागतो. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या आमच्या गावात मराठी घरं मोजकी, त्यांतल्या एकाही काकूंचा ओवा त्याच्या तावडीतून सुटलेला नाही. चमचाभर ओवा कागदात बांधायचा, वर 'कुलकर्णी काकू, नाशिकहून, जुना' असं लिहायचं, पुडी खिशात घालायची आणि मगच भाजीला हात लावायचा. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हा गडी पीएचडी करतोय. काही जंतू इतके निर्ढावलेत की अँटिबायोटिक आत शिरलं की पंपाने उपसावं तसं ते बाहेर टाकतात. ओव्यातला एक घटक तो पंप अडवतो का, म्हणजे जुनंच औषध पुन्हा लागू पडेल का, हे तो काचेच्या बशांमध्ये बघतो. चार वर्षं झाली. शंभरदा फसतं, तो पुन्हा नव्या बशा मांडतो. माझा कोड दोनदा चालला नाही तर मी लॅपटॉप आपटतो, त्यामुळे मला त्याचं खरंच कौतुक आहे.

एखाद्या काकू म्हणतात, "अरे, म्हणजे आपला काढाच की!" की हा ताडकन उठलाच.

"काकू, ओवा एकटा काही करत नाही! मेन काम अँटिबायोटिकच करतं. आणि हे सगळं अजून लॅबमध्येच आहे." बसमध्ये शेजारी बसलेल्या अमेरिकन आजींनाही त्याने हे ऐकवलंय.

फक्त आईला ऐकवायचं राहिलं. ती वर्ध्याला एकटी असते, तिथून तीही त्याला ओवा पाठवते. तिला फोनवर हा एवढंच सांगायचा, "आई, तुझ्या ओव्याने आज कमाल केली!" गेल्या मार्चमध्ये तिला लघवीचं इन्फेक्शन झालं. दोन दिवसांत बरं वाटलं, तशी तिने अँटिबायोटिकच्या गोळ्या बंद केल्या आणि ओव्याचा काढा सुरू केला. पोराचंच संशोधन! आठवड्याभरात तापाने फणफणून ती हॉस्पिटलात, आणि नेहमीचं औषध लागू पडेना.

प्रशांतचं जेवणावरून लक्षच उडालं. "यार, मीच तिला अर्धवट सांगितलं," एवढंच म्हणायचा. अखेर एक औषध लागू पडलं आणि ती दहा दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी आली. मग रोज सकाळी साडेदहाला, म्हणजे तिचं रात्रीचं जेवण झालं की, हा व्हिडिओ कॉल लावायचा.

"दाखव. ठेव जिभेवर. पाणी पी. आता तोंड उघड."

कँपसची बस रोज चुकायची. त्याला फिकीर नव्हती.

दहाव्या दिवशी मी शेजारीच चहा पीत होतो. आईने रिकामं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. "संपल्या बाप्पा एकदाच्या." मग म्हणाली, "आता उद्या काय दाखवू रे तुला?"

प्रशांतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ताट दाखव," तो म्हणाला. "तू जेवायला बसशील तेव्हाच लावतो फोन."