बाळू बॉल टाकत नाही

आमच्या बाळूनं एकदा भर सामन्यात हातात आलेला बॉल विरुद्ध संघाच्या खेळाडूला देऊन टाकला. चुकून नव्हे. हाक मारून, नीट त्याच्या हातात. त्या गड्यानं एकदा बाळूकडं बघितलं, एकदा बॉलकडं बघितलं आणि जाऊन बास्केट करून आला. आमचे कोच खुर्चीतून उठले ते डोक्याला हात लावूनच. मी बाळूला फैलावर घेतलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तर हा शांतपणे म्हणतो, "आवं मॅनेजर, पहिल्यापास्नं त्येला कायच मिळालं न्हवतं. तोंड बगा की त्येचं, कसं उतरलंय."

मी सांगलीच्या या संघाचा मॅनेजर. नाव मोठं, काम तिकिटं काढायची, केळी आणायची आणि हरवलेले मोजे शोधायचे. माझी उंची पाच फूट तीन इंच. बास्केटबॉलमधलं मला तेवढंच कळतं जेवढं आमच्या मालकांना. मालक म्हणजे मगदूम अण्णा, हळदीचे व्यापारी. समोरच्या पेढीवाल्यानं कबड्डीचा संघ विकत घेतला, तेव्हा अण्णांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून त्यांनी बास्केटबॉलचा घेतला.

आणि बाळूही त्यांनीच शोधला. दहिवडीच्या बाजारात मेंढरांच्या आणि माणसांच्या गर्दीत एक मुंडकं सगळ्यांच्या वर दिसलं. अण्णांनी गाडी थांबवली. सहा फूट आठ इंच, आणि नाव बाळू! घरी मेंढरं, शिक्षण दहावी, बास्केटबॉल कधी बघितलेला नाही. अण्णा म्हणाले, "हात वर कर." यानं केला. "बास, घ्या ह्याला." झाली निवड.

आता तुम्हाला वाटेल, या भल्या माणसाला खेळता येत नसेल. तसं असतं तर आम्ही सुखी झालो असतो! सरावाला उभा करा, दहातले दहा बॉल जाळीत. सामना सुरू झाला की मात्र गडी बदलतो. बॉल हातात आला की मान वळवून बघणार कोण राहिलंय, आणि त्याला देणार. "ज्येला न्हाई, त्येला आदी," हे त्याचं पालुपद. सामना संपला की बसमध्ये सगळ्यांचे गुण सांगायचा. "ह्येनं आज बावीस खाल्लं, प्वाट फुटंल त्येचं. त्यो बारका मातर दोनावर उठला बगा." स्वतःचे किती, हे विचारायचं कारणच नव्हतं. चार वर्षं, पगारी खेळाडू, एकूण बास्केट शून्य.

मग त्याला ठेवला कशाला? तर तो समोरच्यांना अडवायचा. अडवायचा कसला, वळवायचा! दोन्ही हात पसरून, तोंडानं "हुर्रर्र, हुर्रर्र" करत समोरच्या पाचही जणांना कोपऱ्यात नेऊन घालायचा. चांगले इंग्रजी शाळेत शिकलेले गडी, पण मुकाट्यानं कोपऱ्यात जायचे. एकदा एका रेफ्रीनं या आवाजावर हरकत घेतली. त्यानं नियमांचं पुस्तक आणलं, अर्धा तास चाळलं, आणि मेंढरं हाकण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही हे कबूल केलं.

बसमध्ये चढताना मोजणी असायची. "बारा, कोच तेरा, आनी तुमी अर्धं." हे अर्धं म्हणजे मी. पहिल्यांदा मी चिडलो, मग सोडून दिलं. एकदा पुण्याहून येताना सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या पुढं हा ओरडला, "गाडी थांबवा! एक ज्यादा हाय!" सगळे हसले. पण बघतो तर काय, शेवटच्या सीटवर एक अनोळखी गृहस्थ घोरत होते. वाटेतल्या हॉटेलवर चहाला आपल्या गाडीतून उतरले होते आणि चुकून आमच्याच बसमध्ये चढून झोपले होते. बाळूनं त्यांना उठवून आधी केळ दिलं, मग गाव विचारलं, आणि साताऱ्यात त्यांच्या दारापर्यंत बस न्यायला लावली. डिझेलचा जाब अण्णांनी मला विचारला, बाळूला नाही.

मेसमध्येही तीच तऱ्हा. सगळ्यात शेवटी ताट घेणार. भाजी संपत आली की म्हणणार, "मला नगं, प्वाट भरलंय." एवढ्या देहाचं पोट दोन चपात्यांत कसं भरतं, हा प्रश्न मला चार वर्षांत एकदाही पडला नाही. आज त्याची लाज वाटते.

शेवटी यंदा अण्णांचा संयम सुटला. "अरे, मी ताडाएवढा माणूस आणला, आणि हा वाढपी निघाला! शेवटच्या सामन्यात एक बास्केट. एक तरी! नाहीतर जा म्हणावं दहिवडीला." मी निरोप सांगितला. वाटलं, हादरेल. घर त्याच्याच पगारावर चालतं, मला ठाऊक होतं. बाळू म्हणाला, "जातो की दहिवडीला, मॅनेजर. पर मग बसमदी ह्यास्नी मोजनार कोन?" मी कपाळावर हात मारला.

आणि सामना चार दिवसांवर असताना पठ्ठ्या रजा घेऊन गावाला गेला. का, तर लोकर कातरायची होती! शिव्या देत देत मी त्याला आणायला निघालो.

घर दोन खोल्यांचं. आईनं पाणी दिलं, बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी वाढली. बाळू शेजारी बसला. मी जरा इकडं तिकडं बघितलं की त्याची अर्धी भाकरी माझ्या ताटात. परत बघितलं, आणखी चतकोर. मी वैतागलो. "अरे, तुझी तू खा की!"

"मला प्वाट भरलंय," बाळू म्हणाला.

"आजून खोटं बोलतोय बगा त्यो," आई चुलीपाशी म्हणाली. "आवं सायेब, बारका व्हता तवा अंगानं नुसता वाढत व्हता. भूक बी तशीच. ह्येचा बा ममईला हमालीला, आनी हितं चार पोरं. भाकरी मोजून. ह्यो आपली बारक्यांस्नी वाटायचा आनी म्हनायचा, आये, माजं प्वाट भरलंय. मला खरंच वाटायचं. मग एकदा बगितलं तर मेंढरांच्या वाड्यामागं बसून पानी पितोय. तांब्यावर तांब्या. प्वाट भराया."

"आये, उगं काय बी सांगू नगंस," बाळू खाली मान घालून म्हणाला.

"तवापास्नं मी इचारलंच न्हाई त्येला, जेवलास का म्हनून," आई म्हणाली. "इचारून घालायला घरात काय व्हतं?"

मला अण्णांचा राग आला, कोचचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा मला आला. चार वर्षं मी या माणसाला वेडा समजत होतो.

सामन्याच्या आधी बाळू बाहेर बूट बांधत असताना मी पोरांना सगळं सांगितलं. कॅप्टन म्हणाला, "मॅनेजर, बॉल आम्ही त्याच्यापर्यंत नेतो. पुढचं तुम्ही बघा."

सामना सुरू झाला. बॉल बाळूकडं, बाळू परत देणार, असं चारपैकी तीन डाव चाललं. अण्णा पहिल्या रांगेत बसून पानाचा डबा उघडझाप करत होते. चौथा डाव संपायला दोन मिनिटं असताना बाळू रिंगच्या खाली एकटा होता. समोरच्यांनी त्याला मोकळाच सोडला होता. हा टाकत नाही, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत! कॅप्टननं बॉल त्याच्या हातात दिला. बाळूनं सवयीनं मान वळवली.

आमच्या चौघांनीही हात पाठीमागं बांधले होते.

बाळू गोंधळला. याच्याकडं बघतो, त्याच्याकडं बघतो, कुणीच हात पुढं करेना. तिथं तीन सेकंदांच्या वर उभं राहता येत नाही. मी खुर्चीवर चढलो आणि आयुष्यात ओरडलो नाही एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "बाळू! सगळी जेवली रं! तूच तेवढा ऱ्हायलायस!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि भर सामन्यात, बॉल छातीशी धरून, त्यानं मला विचारलं, "खरं?"

"खरं रं गड्या! आईशप्पत खरं!"

त्यानं उडीसुद्धा मारली नाही. टाचा उचलल्या आणि बॉल अलगद जाळीत टाकला.

पुढं काय गोंधळ झाला ते विचारू नका. पोरं नाचली, अण्णांचा पानाचा डबा खाली सांडला, समोरच्या कोचनं घाबरून टाइमआउट घेतला. आम्ही तेव्हा अकरा गुणांनी मागं होतो, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. सगळे बाळूच्या पाठीवर थापा मारत होते, आणि तो मात्र चोरी पकडल्यासारखा कानकोंडा होऊन उभा होता. मग सगळ्यांना बाजूला सारून तो माझ्यापाशी आला, कमरेत वाकला, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यानं विचारलं, "मॅनेजर, आनी एक घिऊ का?"

"घे रं बाबा," मी म्हणालो. "पोटभर घे."