दोन शब्द आणि दुपारची बस

समिती स्थापन करणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे! कंपनीत असताना मी युनियनपासून भिशीपर्यंत काय काय जमवलं, ते बजाजनगरात कुणालाही विचारा. फक्त आमच्या घरी विचारू नका.

रिटायर झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. अशात एका संस्थेनं आमच्या कॉलनीपुढं विकास भागीदारीचा प्रस्ताव ठेवला. आमचं बंद पडलेलं सभागृह संस्था दुरुस्त करणार, तिथं मुलांसाठी अभ्यासिका होणार, आणि ती कॉलनीच्या समितीनं चालवायची. अट एकच. समिती संस्थेच्या तनुजा मॅडमसमोर निवडायची, तीही शनिवारपर्यंत. नाही जमलं तर अभ्यासिका शेजारच्या कॉलनीला!

इकडं माझ्या निशाची परीक्षा तोंडावर आलेली. पोरगी स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून अभ्यास करायची.

"पप्पा, मिक्सरच्या आवाजात राज्यघटना पाठ होत नाय!" ती रोज वैतागायची. तिचा तो चेहरा बघून माझा जीव खालीवर व्हायचा.

पण आमची कॉलनी पडली पाळ्यांची. निम्मे लोक कामावर, उरलेले झोपेत! दोन बैठका बोलावल्या. पहिलीला मी एकटाच. दुसरीला रात्रपाळीचा काकासाहेब आला आणि माझं प्रास्ताविक संपायच्या आत घोरायला लागला.

शेवटी शनिवार उजाडला आणि मला नामी युक्ती सुचली. दुपारी आमच्या शेंद्र्याच्या कंपनीची बस चौकात येते. पहिली पाळी उतरते, दुसरी चढायला जमते, आणि रात्रपाळीवाले नुकतेच उठून आशाबाईच्या टपरीवर चहाला येतात. अख्खी कॉलनी एकाच वेळी जागी!

मॅडम वेळेवर आल्या. "साहेब, पटकन नावं घ्या, हात वर करू द्या. झालं!"

"आधी दोन शब्द बोलतो," मी म्हणालो.

बोलताना मी डोळे मिटतो. त्यानं विचार कसे रांगेत येतात! ऊन मी म्हणत होतं, पण मीही काही कमी नव्हतो. भागीदारी म्हणजे काय, इथून निघालो तो थेट तरुण पिढीच्या भवितव्यावर आलो. "तर बंधू-भगिनींनो..." म्हणत डोळे उघडले आणि बघतो तर चौक मोकळा! बस पार वळणावर पोचलेली.

"आशाबाई, माणसं कुठं गेली?"

"उन्हानं जीव चालला होता ओ! समदे बसमधी जाऊन बसले सावलीला. मॅडमला बी मीच बसवलं. तुमचं काय संपंना, मंग ड्रायव्हर कडुबानं गाडी हाणली!"

मी घाईघाईनं शेजारच्या मोतीरामला फोन लावला. तो तर पहिल्या पाळीतून आत्ताच उतरला होता.

"मोतीराम, कुठंयस?"

"परत शेंद्र्याला निघालो ना भाऊ! कडुबा थांबत नाय. दुसऱ्या पाळीची हजेरी बुडंल म्हणतो!"

मॅडम गेल्या, शनिवार गेला, अभ्यासिका गेली! तेवढ्यात घरातून निशा धावत आली आणि तिनं स्कूटी काढली. "पप्पा, बसा मागं!" समितीसाठी आणलेला पेढ्यांचा पुडा छातीशी धरून मी बसलो. पोरगी अशी सुटली की मी वाटेत सगळे देव संपवले.

क्रांती चौकात लाल सिग्नलनं लाज राखली. मी बसच्या पत्र्यावर थापा मारल्या.

"मॅडम! समिती राहिली!"

तनुजा मॅडमनी खिडकीतून डोकं काढलं. "समिती झालीसुद्धा! मोतीराम अध्यक्ष, काकासाहेब खजिनदार."

काकासाहेब मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला दिसत होता.

"म्हणजे अभ्यासिका?"

"तुमच्याच कॉलनीला!"

निशा भर चौकात किंचाळली. मला एकदम भरून आलं. पण माणूस मी शेवटी संस्थापक! हळूच विचारलं, "आणि माझं पद?"

"तेच्यात जरा अडचण हाय भाऊ," मोतीराम म्हणाला. "बैठका आता बसमधीच घ्यायच्या ठरल्या. कंपनीचा पास लागतो. तुमचा रिटायर झाल्यावर जमा झाला ना!"

बोलता बोलता खिडकीतून दोन हात आले आणि माझा पुडा आत गेला.

"पण एवढ्या लवकर जमलं कसं रे?"

"लई सोपं! बसमधी भाषण करायला कुणीच नव्हतं!"

सिग्नल सुटला, बस गेली.

मोतीरामचं हे शेवटचं वाक्य मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही. पण उपयोग काय? स्कूटी निशा चालवत होती!